पहिला पेला घरच्या पोराचा

मित्रांनो, मी एक जुना पितळी पेला आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मी इथे माफी मागायला उभा नाही. माझ्या वयाची भांडी आपली गोष्ट सांगायला बसली की रडायलाच लागतात. कोणाला माळ्यावर टाकलं म्हणून रडू येतं, कोणाला मोडीत घातलं म्हणून. मला रडायची सवय नाही. माझ्यावर दोन शिक्के मारले गेले. एका काकूंनी मला विषाचा पेला म्हटलं आणि एका आजींनी अमृताचा. मला दोन्ही मान्य नाहीत. का नाहीत ते नीट ऐका आणि मग तुमचं काय ते ठरवा.

माझा जन्म एका तांबटाच्या दुकानात झाला. त्या गल्लीत सकाळपासून इतकी ठोकाठोक चालायची की शेजारचा शिंपी गिऱ्हाइकांशी खुणांनीच बोलायचा. तांबटाने पितळेचा पत्रा कापला, तापवला, ठोकळ्यावर धरला आणि मला बडवायला सुरुवात केली. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं लोक म्हणतात. मी दोन दिवस हातोडीचे घाव सोसले आणि मला नुसतं पेलेपण आलं. तेवढं मला पुरलं. पितळेत दूध तसंच ठेवलं तर बिघडतं, म्हणून त्याने मला आतून कल्हईचा पांढरा थर दिला. शेवटी त्याने मला डोळ्यांसमोर धरून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. माझा काठ एका बाजूला किंचित खाली होता.

"हा नाही जायचा," असं म्हणून त्याने मला मागच्या रांगेत ठेवलं. तिथे मी चार महिने धूळ खात होतो. मग एक दिवस थोरले मालक आले. त्यांनी नुकतंच दुधाचं दुकान काढलं होतं. त्यांनी समोरचे चकचकीत पेले उचलून पाहिले, ठेवून दिले, आणि मागे हात घालून मला काढलं. तिरक्या काठाला ओठ लावून पाहिला आणि म्हणाले, "हा द्या. लहान तोंडाला बरोबर बसेल." तांबटाने दुसऱ्यांदा विचारलं, की नक्की हाच ना. "हाच," मालक म्हणाले. मित्रांनो, आयुष्यात एकदा तरी कोणीतरी आपल्याला असं 'हाच' म्हणावं लागतं.

आता दुकान सांगतो. कमरेपर्यंत पांढऱ्या फरश्या, पुढे दगडी काउंटर, मागे चूल आणि दुधाची मोठी कढई. एका बाजूला काचेचं कपाट, त्यात दही, लोणी आणि चीज. जमीन कायम ओली. आत पाऊल टाकलं की तापलेल्या दुधाचा आणि फरशी पुसायच्या फडक्याचा मिळून एक वास यायचा. तो ज्याला आवडला तो आमचा. नाही आवडला तर समोर चहाचं दुकान होतंच.

थोरल्या मालकांनी पहिल्याच दिवशी एक नियम केला. सकाळी दुकान उघडलं की कढईतलं उकळून कोमट झालेलं पहिलं दूध माझ्यात ओतायचं. घरचं पोर काउंटरजवळच्या स्टुलावर उभं राहणार. रांगेतल्या सगळ्यांसमोर ते दूध पिणार. मग मला उलटा करून दाखवणार. त्यानंतरच गिऱ्हाइकाच्या भांड्यात माप पडायचं. ते म्हणायचे, "पोराच्या पोटात जे घालता येणार नाही, ते आपण विकायचं नाही." याच्यापेक्षा सरळ नियम मी तरी ऐकलेला नाही. आमच्या दुकानात दुधात पाणी आहे का, असं एकदाही कोणी विचारलं नाही.

तेव्हाचं घरचं पोर म्हणजे आताचे मालक. काय पीत असत! आठ वर्षांचा तो मुलगा मला दोन्ही हातांनी धरायचा, एका दमात रिकामा करायचा आणि पांढऱ्या मिश्या मिरवत मला डोक्यावर उलटा धरायचा. वर एक ढेकर. रांगेतली माणसं हसायची. म्हाताऱ्या बायका त्याच्या गालाला हात लावून स्वतःच्या नातवंडांना म्हणायच्या, "बघ, कसा पितोय! शिक जरा." माझं कौतुक व्हायचं ते असं. पुढे थोरले मालक गेले, मुलगा मालक झाला, मिशी खरीच आली, तरी पहिला पेला तोच प्यायचा. लग्न झालं, मुलगी झाली. तिचे पाय घरात एका जागी ठरत नसत, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणू लागले. भिंगरी सात वर्षांची झाली तेव्हा मालकांनी तिला स्टुलावर उभं केलं आणि मला तिच्या हातात दिलं. त्या दिवशी आजींच्या डोळ्यांत पाणी आलं. आजी म्हणजे थोरल्या मालकांच्या पत्नी.

मधल्या काळात स्टीलचे ग्लास आले, मग कागदी कप आले. गिऱ्हाइकांसाठी मला कोणी हातही लावेना, कारण कप फेकून द्यायचा असतो, त्याला घासावं लागत नाही. पण पहिला पेला मात्र माझाच राहिला. कागदी कपाने उलटं होऊन दाखवावं की मी रिकामा आहे! बुड भिजून आधीच गळायला लागायचा.

आता आरोपांकडे येतो.

समोरच्या इमारतीत एक काकू राहायला आल्या. त्या दिवसभर फोनवर व्हिडिओ पाहत आणि संध्याकाळी सगळ्यांना ते ज्ञान वाटत. दुकानात सगळे त्यांना व्हिडिओवाल्या काकू म्हणत. त्या दूध घ्यायला येत नसत, तरी रांगेत येऊन उभ्या राहत.

"दूध म्हणजे पांढरं विष आहे हो," त्या म्हणत. "हाडं पोखरतं. जगात दुसरा कुठला प्राणी मोठा झाल्यावर दूध पितो का, सांगा मला!"

मला बोलता आलं असतं तर मी सांगितलं असतं, की काकू, जगात दुसरा कुठला प्राणी मोठा झाल्यावर व्हिडिओही बघत नाही. चाळीस वर्षं मी या काउंटरवर आहे. या रांगेत किटली घेऊन उभी राहिलेली पोरं मी केस पिकेपर्यंत पाहिली. कित्येकांची हाडं त्यांच्या तोंडाइतकीच मजबूत राहिली. विष असतं तर रांग एव्हाना संपली नसती का?

पण आजीही काही कमी नव्हत्या. दुकानाच्या कोपऱ्यात त्यांची खुर्ची. तिथून त्या उत्तर देत. दुधाने उंची वाढते, दुधाने बुद्धी वाढते, दुधाने सगळे आजार पळतात. स्वतः आजी साडेचार फूट. त्यांना गुडघेदुखी, दमा आणि राग असे तीन आजार होते, आणि तिघांपैकी एकही दुधाला घाबरून पळालेला मी पाहिला नाही. पण आजींना हे कोण सांगणार? मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची?

या दोघींचं भांडण रंगलं की रांगेतल्या लोकांची करमणूक व्हायची. मला मात्र अमृत म्हटलेलं आवडायचं. खोटं कशाला बोलू? विष म्हटलं की राग यायचा आणि अमृत म्हटलं की मी उगाच चमकायचो. त्या चमकण्यात मला एक गोष्ट दिसली नाही.

भिंगरी पीत होती, पण बापासारखी नाही. ती आधी माझ्यात बघायची. मग डोळे मिटायची. मग घोट, थांबा, घोट, थांबा. मला उलटा करून दाखवताना ती हसायची, पण ते हसू रांगेसाठी असायचं. तिची बोटं माझ्या अंगाभोवती गार पडलेली असत, हे फक्त मला ठाऊक होतं. पहिले काही महिने सगळं ठीक होतं. मग तासाभराने तिच्या पोटात गुडगुड सुरू व्हायला लागली. पोट फुगायचं, कळा यायच्या, आणि शाळेत पहिल्या तासालाच हात वर करून तिला बाहेर पळावं लागायचं. वर्गातल्या मुली हसायला लागल्या. भिंगरी सकाळी गप्प गप्प राहायला लागली.

घरात शोध सुरू झाला. दूधवाल्याच्या घरात कोणाकोणावर संशय घेतला गेला ते ऐका. पहिला संशय माझ्यावर! "पेल्याची कल्हई उडाली असेल," मालक म्हणाले. मला कल्हईवाल्याकडे नेलं. त्याने मला भट्टीत तापवून परत पांढराशुभ्र केलं. पोट दुखायचं थांबलं नाही. मला दुसऱ्यांदा नेलं. कल्हईवाला म्हणाला, "मालक, पेला माझ्या दातांपेक्षा चांगला आहे. आणखी काय करू?" मग संशय बेकरीच्या पावावर गेला. बेकरी बदलली. मग शाळेच्या पाण्यावर. घरून बाटली सुरू झाली. मग जंतांवर. औषध दिलं. मग गोठेवाल्याला बोलावलं आणि मालकांनी त्याला गायींचा चारा बदलायला लावला. बिचाऱ्या गायींनी तक्रार केली नाही. चारा बदलला, पाव बदलला, पाणी बदललं. दुधाचं नाव मात्र कोणाच्या तोंडी आलं नाही.

उलट झालं असं, की भिंगरीने पोट धरलं की आजी म्हणायच्या, "पोट दुखतंय? थांब, गरम दूध देते. सगळं शांत होईल." आणि परत माझ्यात दूध. आगीत तेल ओतावं तसं. हे मी स्वतःच्या पोटात धरून तिच्या तोंडापर्यंत नेलं, मित्रांनो. पेल्याला पोट नसतं म्हणून त्याला दुसऱ्याचं पोट कळत नाही, हे खरं. पण तिची गार बोटं मला कळत होती, आणि तरी मी अमृत होऊन चमकत राहिलो. याबद्दल मला आजही वाईट वाटतं. माफी मागायची नाही म्हणालो होतो, पण एका माणसाची मागितली पाहिजे, आणि ते माणूस नऊ वर्षांचं आहे.

सुट्टीत भिंगरी आठ दिवस मावशीकडे गेली. मावशीकडे सकाळी पेलाबिला काही नव्हतं. आठ दिवस पोट दुखलं नाही. परत आली ती गाल वर काढून. आजींनी लगेच निकाल दिला, "शाळा नव्हती ना! शाळेचा धसका आहे पोरीला, दुसरं काही नाही." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत स्टूल.

पण भिंगरीच्या आईने मनात काहीतरी जुळवलं. दह्याचं सगळं काम तीच बघायची. भिंगरी दुपारी दह्याची वाटी चाटूनपुसून खाते आणि तिला काही होत नाही, हे तिने पाहिलं होतं. एकदा ती मालकांना हळूच म्हणाली, "मला वाटतं तिला दूध सोसत नसेल."

मालकांनी दोन्ही बाजूंना बघितलं. "हळू बोल. दूधवाल्याच्या घरात असं बोलतात का? कोणी ऐकलं तर?"

"कोणी ऐकलं तर ऐकू दे. पोरगी वाळत चाललीय."

त्याच आठवड्यात ती भिंगरीला घेऊन डॉक्टरबाईंकडे गेली. डॉक्टरबाई आमच्याच गिऱ्हाईक. संध्याकाळी दूध न्यायला आल्या तेव्हा त्यांनी मालकांना बाजूला घेऊन सांगितलं. मी काउंटरवरच होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"मालक, घाबरायचं काही नाही. दुधात एक साखर असते. ती पचवायला पोटात एक रस लागतो. बाळांच्या पोटात तो भरपूर असतो. मोठं होताना कित्येकांचा कमी होतो. जगात अशी माणसं ढिगाने आहेत. दूध वाईट नाही आणि तिचं पोटही वाईट नाही. दोघांचं जमत नाही, एवढंच. पंधरा दिवस दूध बंद करून बघा. दह्यात ती साखर कमी होते, म्हणून दही चालतं तिला. चीजही चालेल. पालेभाज्या, कडधान्यं भरपूर द्या. मग परत दाखवायला आणा."

मालक मान हलवत राहिले. डॉक्टरबाई गेल्यावर त्यांनी स्टूल काउंटरखाली सरकवलं आणि लगेच परत बाहेर काढलं. मला त्यांचा राग आला नाही, मित्रांनो. त्यांना मी आठ वर्षांचे असल्यापासून ओळखतो. त्यांच्या वडिलांनी मागे ठेवलेलं सगळ्यात मोठं धन म्हणजे तो पहिला पेला. उद्या स्टूल रिकामं दिसलं तर? दूधवाल्याची मुलगीच दूध पीत नाही, हे समोरच्या काकूंना कळलं तर?

"जरा दमाने घेऊ," ते बायकोला म्हणाले. "ती बाई टपून बसलीय. सध्या एक घोट पिऊ दे. नुसता दाखवायला."

"आणि पोट? तेही नुसतं दाखवायला दुखणार का?" भिंगरीची आई म्हणाली आणि आत निघून गेली.

दोन दिवसांनी शाळेत शर्यती होत्या. चार मुलींचा एक संघ, एकीने दुसरीच्या हातात काठी देत पळायचं. शेवटचा टप्पा भिंगरीचा. त्यासाठी ती दोन महिने सराव करत होती. साडेआठला शर्यत. सकाळी साडेसहाला दुकान उघडलं तेव्हा ती गणवेशात, केस घट्ट बांधून, स्टुलाजवळ उभी होती. घोटभर पिऊन पळायचं, असं ठरलं होतं.

रांगेत सगळ्यात पुढे व्हिडिओवाल्या काकू. हातात किटली नव्हती. फोन होता, आणि तो वर धरलेला होता.

"मालक, आज मी हे सगळ्यांना दाखवणार आहे," काकू म्हणाल्या. "तुमच्या घरची पोरगी खरंच पिते का, की नुसतं नाटक करते, बघू या तरी."

मालकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "बघा की! खुशाल बघा!" असं म्हणून त्यांनी मला कढईत बुडवलं आणि काठोकाठ भरलं. घोटभर वगैरे सगळं विसरले. काठावरून दूध ओघळलं ते पुसायचं भानही त्यांना राहिलं नाही. "ये गं भिंगरे. दाखव यांना."

भिंगरी स्टुलावर चढली. तिने मला दोन्ही हातांत घेतलं. मी तयार झालो. मला वाटलं, आता डोळे मिटेल, आता घोट घेईल. तिने डोळे मिटलेच नाहीत. तिने मला उचललं तसंच परत काउंटरवर ठेवलं. एक थेंब सांडला नाही.

"मी पिणार नाही," ती म्हणाली.

"भिंगरे, लोक बघतायत."

"बघू देत. बाबा, मला दूध सोसत नाही. दोन वर्षं झाली. प्यायले की पोटात गोळा येतो आणि शाळेत पळत जावं लागतं. सगळ्या मुली हसतात. आज मला शर्यतीत पळायचंय. संडासाकडे नाही."

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. काकूंचा चेहरा असा उजळला, जणू त्यांना लॉटरीच लागली.

"ऐकलंत? ऐकलंत सगळ्यांनी? दूधवाल्याच्या पोरीलाच सोसत नाही! मी कधीपासून सांगत होते, विष आहे, विष आहे!"

भिंगरी त्यांच्याकडे वळली. स्टुलावर उभी असल्यामुळे ती काकूंपेक्षा वीतभर उंच झाली होती.

"विष नाहीये ते. बाबा पितात, सगळे पितात, त्यांना काही होत नाही. मी दही दोन वाट्या खाते. चीज पण खाते. माझं आणि दुधाचं जमत नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्यात. आणि काकू, तुम्ही माझ्या पोटाचा व्हिडिओ करू नका. मला विचारलंत का तुम्ही?"

काकूंचा हात खाली आला. शाब्बास गं माझी बाई! मी पितळेचा नसतो तर टाळ्या वाजवल्या असत्या.

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून आजी उठल्या. "हे असलं बोलायला हिला शिकवलं कोणी?"

"कोणी नाही हो, सासूबाई," दाराशी उभी असलेली भिंगरीची आई म्हणाली. "तिच्या पोटाने शिकवलं. आपणच ऐकत नव्हतो."

मालकांची नजर रांगेवरून फिरत होती. कोण निघून जातं, कोण कोणाच्या कानाला लागतं, ते बघत होते. चाळीस वर्षांचं नाव एका मिनिटात जमिनीवर सांडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. तेवढ्यात रांगेतून एक म्हातारा सुतार पुढे आला. कानावर पेन्सिल, हातात रिकामा डबा.

"मालक, रागावू नका," तो खाकरत म्हणाला. "मलाही दूध सोसत नाही. वीस वर्षं मी तुमच्याकडून नुसतं लोणी नेतोय. कधी लक्षात आलं का तुमच्या? थोरल्या मालकांना वाईट वाटेल म्हणून कधी बोललो नाही. पोरगी बोलली म्हणून आज माझंही तोंड उघडलं."

"चहा घेतला की माझंही असंच होतं," मागून कोणीतरी म्हणालं. "मला वाटायचं माझंच काहीतरी बिघडलंय," आणखी एक आवाज आला.

मालकांनी मला उचललं. मी अजून भरलेला होतो. दूध माझ्या काठाशी डुचमळत होतं. ते भिंगरीसमोर जाऊन उभे राहिले.

"माझे बाबा म्हणायचे, पोराच्या पोटात जे घालता येणार नाही ते विकायचं नाही," ते म्हणाले. "म्हणजे आधी पोराच्या पोटाचं ऐकायचं. मी रोज तुला इथे उभं केलं आणि तोंड तिकडे करून गिऱ्हाइकाकडे बघत बसलो. माझं चुकलं, बेटा."

भिंगरी रडली नाही. शर्यतीच्या आधी रडायचं नाही, असं ठरवलेलं असावं.

मग ते रांगेकडे वळले. "दूध चांगलं आहे. काल होतं, आज आहे, उद्याही राहील. माझ्या मुलीला ते सोसत नाही. ज्याला सोसतं त्याने न्यावं. ज्याला सोसत नाही त्याने इथे येऊन खुशाल दही न्यावं, लोणी न्यावं, काहीच नेऊ नये, तरी नमस्कार करायला यावं. पण मी काही लपवणार नाही." एवढं बोलून त्यांनी मला तोंडाला लावलं आणि एका दमात रिकामं केलं. मिशी पांढरी झाली. मला उलटा करून दाखवायचं मात्र ते विसरले, कारण भिंगरी स्टुलावरून उडी मारून दप्तर उचलून दाराबाहेर पळाली होती आणि ते तिच्यामागे रस्त्यापर्यंत गेले होते.

शर्यतीत काय झालं ते मला दुपारी कळलं. त्यांचा संघ दुसरा आला. तिसऱ्या मुलीच्या हातून काठी पडली होती. भिंगरी संतापाने लालेलाल होऊन दुकानात शिरली. "मी दोघींना मागे टाकलं, बाबा! काठी पडली नसती ना, तर पहिलाच नंबर होता!"

"आणि पोट?" मालकांनी विचारलं.

ती क्षणभर गोंधळली. "पोट? अरे हो. विसरलेच मी."

मालक पाठ वळवून कपाट पुसायला लागले. स्वच्छ कपाट ते बराच वेळ पुसत होते. आजी उठल्या, काचेच्या कपाटातून दह्याची वाटी काढली आणि स्वतः नातीसमोर ठेवली. "खा," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी तुला गरम दूध देत होते गं. प्रत्येक वेळी." भिंगरीने तोंड भरलेलं असतानाच आजीला मिठी मारली आणि त्यांच्या लुगड्याला दही लागलं.

त्यानंतर सगळं गोडीगुलाबीने झालं असं समजू नका. चार घरांनी दूध बंद केलं. काकूंनी व्हिडिओ टाकलाच, पण तो फारसा कोणी पाहिला नाही, कारण त्यात भिंगरीने काकूंनाच गप्प केलं होतं. काकू अजूनही रांगेत येतात आणि अजूनही विषाचं बोलतात. फरक एवढाच, की आता रांगेतली माणसं त्यांना विचारतात, "कोणाला सोसत नाही म्हणता? तुम्हाला? मग तुम्ही नका घेऊ." काकूंना सोसतं की नाही, ते त्यांनी कधीच सांगितलेलं नाही.

आणि आमच्या मालकांचं तर काय विचारता! पहिला पेला आता परत तेच पितात. एखादी आई पोराचा कान धरून आली आणि "नाक दाबून पी" म्हणाली, की दूधवाला स्वतः काउंटरवर वाकून विचारतो, "आधी विचारा तरी, पोट दुखतं का त्याचं? दुखत असेल तर डॉक्टरबाईंना दाखवा. मनानेच काही ठरवू नका, ना बंद करायचं ना पाजायचं." दूध विकणारा माणूस असं बोलतो, म्हणून लोक येड्यात काढतात. पण येड्यात काढतात आणि रांगेत उभेही राहतात.

तेव्हा मित्रांनो, माझा जबाब ऐकून घ्या. मला विष म्हणाल तर ऐकणार नाही. चाळीस वर्षं मी लोकांच्या पोटात भर घातली आहे. मला अमृत म्हणाल तर तेही ऐकणार नाही, कारण अमृत म्हटलं की 'नको' म्हणायची सोय राहत नाही. मी पेला आहे. ज्याला सोसतं त्याने मला आनंदाने तोंडाला लावावं. तुमच्या घरातल्या भांड्यांची काळजी घ्या, घासा, पुसा, कल्हई करा, हे सगळं खरं. पण त्याआधी ते भांडं कोणाच्या तोंडाशी धरलंय, त्याच्या चेहऱ्याकडे एकदा बघा. आणि तुम्ही लहान असाल आणि तुमचं पोट दुखत असेल, तर सांगा. एकदा सांगून कोणी ऐकलं नाही तर दुसऱ्यांदा सांगा. तरीही ऐकलं नाही तर स्टुलावर चढून सांगा. भरलेला पेला परत केला तर पेल्याचा अपमान होतो, असं कोणी म्हणालंच, तर त्याला खुशाल माझ्याकडे पाठवा. त्या सकाळी भिंगरीने मला काठोकाठ भरलेला परत ठेवलं, आणि चाळीस वर्षांत मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता.